एमएलबी द शो: बॅटिंगला कॅमेरा कोणता लावावा?

प्रश्न असा आहे: "दादा, एम.एस. करायला अमेरिकेत आलो आणि रूममेट्समुळे 'एमएलबी द शो' या बेसबॉलच्या व्हिडिओ गेमची चटक लागली. झोन बॅटिंग वापरतो, म्हणजे स्टिकने निशाणा चेंडूवर नेऊन फटका मारतो. कॅमेरा असा आहे की बॅटर डोक्यापासून पायापर्यंत दिसतो. फास्टबॉलला कायम लेट होतो आणि खाली बुडणाऱ्या स्लायडरवर हमखास बॅट फिरवतो. ऑल-स्टार लेव्हलला अ‍ॅव्हरेज .१८० च्या वर, म्हणजे शंभरात अठरा हिटच्या वर, जात नाही. सगळे म्हणतात कॅमेरा बदल. कोणता लावू? टीव्ही हॉलमध्ये आहे, ५५ इंची."

थोडक्यात सांगायचं तर 'स्ट्राइक झोन' नावाचा कॅमेरा लाव. तो फार अंगावर येतोय असं वाटलं तर स्ट्राइक झोन २. पण कॅमेऱ्याला हात लावण्याआधी टीव्हीचा रिमोट हातात घे. तुझ्या प्रश्नात मला खटकलं ते शेवटचं वाक्य, टीव्ही हॉलमध्ये असल्याचं.

हॉलमधला टीव्ही म्हणजे सगळ्यांचा टीव्ही. कुणी त्यावर सिनेमा बघतं, कुणी मॅच, आणि पिक्चर मोड कुणीतरी केव्हातरी सिनेमाच्या बेताने लावून ठेवलेला असतो. आता हिशेब बघ. पिचर चेंडू टाकतो त्या माउंडपासून बॅटरसमोरच्या होम प्लेटपर्यंतचं अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर. आपल्या बावीस यार्डांपेक्षा दीडएक मीटर कमीच. त्यात पिचर लांब पाय टाकून पुढे येऊन चेंडू सोडतो, म्हणून प्रत्यक्षात सतरा मीटरच्या आसपास उरतात. ताशी ९५ मैलांचा, म्हणजे १५३ किलोमीटरचा फास्टबॉल हे अंतर साधारण ०.४ सेकंदात कापतो. गेममध्ये लेव्हलप्रमाणे हे थोडं कमी-जास्त होतं, पण अंदाज हाच. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर तुझ्या वाट्याला चोवीस फ्रेम येतात. तेवढ्यात चेंडू ओळखायचा, पीसीआय, म्हणजे बॅट कुठे फिरणार ते दाखवणारा निशाणा, तिथे न्यायचा आणि बटण दाबायचं. सिनेमाच्या मोडवरचा टीव्ही प्रत्येक फ्रेम आधी गुळगुळीत करतो, रंग खुलवतो, मग तुला दाखवतो. या साजशृंगारात काही टीव्ही १०० मिलिसेकंद सहज खातात. म्हणजे चोवीसातल्या सहा फ्रेम तुझ्यापर्यंत पोचायच्या आधीच गेल्या. पिचरचा चेंडू पाव वाट चालून आलाय आणि तुझ्या टीव्हीवर तो अजून त्याच्या हातातच आहे!

गेम मोड लावला की हा उशीर बहुतेक नव्या टीव्हींवर वीसएक मिलिसेकंदांच्या आत येतो. मी स्वतः यात एक अख्खा हिवाळा घालवला. यादीतले सगळे कॅमेरे झाले, कंट्रोलर बदलून झाला, वयाला दोष देऊन झाला. मग सुट्टीत भाचा आला. त्याने पाच मिनिटं खेळून कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हणाला, "मामा, तुझा टीव्ही झोपलाय." सेटिंग त्यानेच बदललं. तेव्हा आधी ते कर, आणि 'मोशन स्मूदिंग'च्या जातीचं जे काही चालू असेल ते बंद कर.

आता कॅमेरा. कॅमेरा बदलल्याने पीसीआय मोठा होत नाही, चेंडूचा वेग कमी होत नाही, बॅटरच्या अंगात बळ येत नाही. चेंडूची खबर तुझ्या डोळ्यांपर्यंत किती लवकर आणि किती निर्भेळ पोचते, एवढंच बदलतं. लवकर पोचणं हे कॅमेरा किती जवळ आहे त्यावर ठरतं, आणि निर्भेळ पोचणं तो किती उंचावर आहे त्यावर. लोक बोलतात ते जवळच्या-लांबच्याबद्दल. माझ्या मते उंचीचा मुद्दा मोठा आहे, आणि तुझं स्लायडरचं दुखणं तिथलंच आहे.

जवळचं गणित सोपं आहे. बेसबॉलचा व्यास जेमतेम सव्वासात सेंटिमीटर. बॅटर पूर्ण दिसावा म्हणून कॅमेरा मागे नेलेला असतो, आणि मग पिचरच्या हातातून सुटताना चेंडू साबुदाण्याएवढा दिसतो. झूम करून जवळ आणला की तोच वाटाण्याएवढा होतो. पहिल्या सात-आठ फ्रेममध्ये चेंडू सरळ निघालाय, की हातातून सुटताना किंचित वर उसळून निघालाय, हे वाटाण्यावर कळतं. वर उसळला तर बहुतेक वेळा कर्व्ह, म्हणजे वळून खाली येणारा हळू चेंडू, समज.

उंचीचं समजायला चाळीची गॅलरी आठव. दुसऱ्या मजल्यावरून खालच्या पोरांचं क्रिकेट बघताना चेंडूचा टप्पा कुठे पडला ते अचूक दिसतं. पण तो बॅट्समनच्या गुडघ्याला आला की कमरेला, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. खाली स्टंपांमागे उकिडवा बसलेला कीपर मात्र ते झोपेतही सांगेल. का? गॅलरीतून बघताना चेंडू जवळ येतो तेव्हाही नजरेत खाली सरकतो, आणि खाली पडतो तेव्हाही खालीच सरकतो. दोन वेगळ्या गोष्टी एकाच दिशेने दिसतात आणि डोळ्याला त्या सोडवाव्या लागतात. कीपरच्या नजरेत जवळ येणारा चेंडू फक्त मोठा होतो आणि पडणारा चेंडू फक्त खाली जातो.

तुझा सध्याचा कॅमेरा गॅलरीतला आहे. गुडघ्यापाशी येणारा फास्टबॉल आणि गुडघ्याखाली बुडणारा स्लायडर त्यावर अर्ध्या वाटेपर्यंत सारखेच खाली सरकताना दिसतात. फरक डोळ्यात भरतो तोवर बॅट निघालेली असते. स्ट्राइक झोन कॅमेरा कीपरच्या जागी, म्हणजे कॅचरच्या नजरेजवळ बसतो. त्यावर सरळ चेंडू सरळच येतो, आणि बुडणारा मध्येच पायरी चुकल्यासारखा खाली जातो.

मग उंच कॅमेरा कुणालाच नको का? तसं नाही. गेममध्ये नुसतं टायमिंगवर बॅटिंग करण्याची सोय आहे. त्यात चेंडूची उंची ओळखण्याची गरजच नसते, तो केव्हा पोचतो एवढंच हवं. गॅलरीतून ते छान दिसतं. म्हणून टायमिंगवर खेळणारा मित्र उंच कॅमेऱ्याची शिफारस करत असेल तर तो खोटं बोलत नाही, त्याचा खेळच वेगळा आहे. सल्ला घेण्याआधी सल्ला देणारा कोणत्या पद्धतीने खेळतो ते विचार.

बाकीचे पर्याय भराभर उरकतो. 'कॅचर'ची दिशा बरोबर असते, पण तो जरा मागून दिसतो. टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसणाऱ्यांना चालेल. 'स्ट्राइक झोन हाय' नावाप्रमाणे उंच आहे. काहींना खालचे चेंडू त्यावर सोडता येतात, मला येत नाहीत. 'ऑफसेट' बाजूला सरकलेला असतो. त्यात गॅलरीचीच अडचण आडवी होऊन येते, आत-बाहेरचं गणित बिघडतं. 'फिश आय'शी माझं कधीच जमलं नाही. 'ब्रॉडकास्ट' म्हणजे टीव्हीवर मॅच दिसते तसा सेंटर फील्डकडून. रविवारी दुपारी कॉम्प्युटरविरुद्ध मजेत खेळायला ठीक, पण रँक्ड मॅचला त्याच्या नादी लागू नकोस.

स्ट्राइक झोनचा अजून एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. कॅचरच्या बाजूने बघताना उजवा बॅटर आपल्या डाव्या हाताला उभा असतो. उजव्या पिचरचा उजवा हातही आपल्याला डावीकडेच दिसतो, कारण तो आपल्याकडे तोंड करून आहे. म्हणजे उजव्याला उजवा असला की चेंडू बॅटरच्या अंगावरून येतो, आणि मागच्या कॅमेऱ्यात बॅटरचं डोकं-खांदे नेमके चेंडू सुटण्याच्या जागेच्या आसपास आडवे येतात. डाव्याला डावा असला की तेच उजवीकडे घडतं. पहिल्या दोन-तीन फ्रेम तिथेच जातात. स्ट्राइक झोनमध्ये बॅटर कडेला ढकललेला असतो, त्यामुळे पिचरचा हात मोकळा दिसतो. उजव्या पिचरपुढे तुझे डावे बॅटर चालतात आणि उजवे झोपतात असं होतंय का, बघ. होत असेल तर त्यातला थोडा दोष या आडोशाचाही असू शकतो. थोडाच म्हणतो, कारण उजव्याला उजवा हा सामना खऱ्या मैदानावरही बॅटरला जडच जातो.

आता तुझा ५५ इंची टीव्ही. मी २७ इंची मॉनिटरवर हातभर अंतरावरून खेळतो. मला स्ट्राइक झोन पुरतो, कारण सगळा झोन, म्हणजे प्लेटवरची स्ट्राइकची चौकट, एका नजरेत मावतो. तू ५५ इंचीसमोर चार फुटांवर बसलास तर झोन इतका मोठा होईल की आतल्या कोपऱ्यातून बाहेरच्या कोपऱ्यात बघायला बुबुळं फिरवावी लागतील. बुबुळं फिरली की चेंडू हरवतो. तेव्हा एकतर सात-आठ फुटांवर बस, नाहीतर स्ट्राइक झोन २ घे. ओळखायला सोपी खूण सांगतो: पिचरच्या हाताकडे टक लावून बघ आणि नजर न हलवता झोनच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांचं भान राहतंय का ते तपास. राहत असेल तर अंतर बरोबर आहे.

कॅमेरा बदलल्यावर पहिले दोन-तीन दिवस अंगठा चुकेल, त्याला घाबरू नकोस. झोन पडद्यावर मोठा झाला तरी डाव्या स्टिकचा पल्ला तेवढाच आहे. मधून कोपऱ्यात जायला अंगठा पूर्वीइतकाच हलतो, फक्त डोळ्यांना पीसीआय जास्त लांब गेलेला दिसतो. त्यामुळे सुरुवातीला तुला तो सुसाट सुटल्यासारखा वाटेल आणि तू झोनच्या बाहेर जाशील. पुष्कळ जण इथेच जुन्या कॅमेऱ्याकडे परततात आणि "मला नाही मानवला" म्हणतात. मानवायला वेळच दिलेला नसतो.

पीसीआय दिसतो कसा, यालाही महत्त्व आहे. कॅमेरा जवळ आणून जे कमावलं ते भडक, जाडजूड पीसीआय लावून घालवू नकोस. सगळे भाग चालू ठेवून लालभडक रंग दिला की डोळे चेंडू सोडून त्यालाच बघत बसतात. देवळात रांगोळीच बघत राहिलं तर दर्शन राहून जातं, तसलंच हे. मी मधली खूण आणि एक कडा एवढंच ठेवतो. रंग गवतावर आणि मातीवर दोन्हीकडे दिसेल असा, जरा पारदर्शक. झोनची चौकट मात्र चालू ठेव, निदान सहा महिने. पुढे वाटलं तर काढ.

आता हे सगळं उपयोगी पडतंय की नाही हे ओळखायचं कसं? अ‍ॅव्हरेजवरून नाही. पाच मॅचच्या अ‍ॅव्हरेजवर माझा काडीचा विश्वास नाही. चांगला लागलेला चेंडू थेट फील्डरच्या हातात जातो आणि कसाबसा लागलेला इनफिल्डच्या डोक्यावरून पडून सिंगल देतो. स्विंग फीडबॅक चालू कर. प्रत्येक फटक्यानंतर टायमिंग अर्ली होतं की लेट, आणि पीसीआय चेंडूपासून किती, कोणत्या बाजूला चुकला, हे गेम स्वतः दाखवतो. कागद घे आणि पन्नास फटक्यांची नोंद कर. तीनच रकाने: टायमिंग चुकलं, वर-खाली चुकलं, आत-बाहेर चुकलं.

सगळेच्या सगळे लेट असतील, अगदी हळू चेंडूही, तर कॅमेऱ्याला बोल लावू नकोस. तो टीव्हीचा उशीर आहे, किंवा ऑनलाइन असशील तर वायफायचा. शक्य असेल तर केबल लाव. फास्टबॉलला लेट आणि चेंजअपला (फास्टबॉलसारखा दिसून हळू येणाऱ्या चेंडूला) अर्ली असं मिश्रण असेल तर ते चांगलं लक्षण आहे. तू मधला वेग धरून बसलायस आणि चेंडू ओळखता येत नाहीये, हे कॅमेरा आणि सरावाने सुटतं. ९४ मैलांचा फास्टबॉल आणि ८४ मैलांचा चेंजअप यांच्या पोचण्यात ढोबळ हिशेबाने ५० मिलिसेकंदांचा फरक पडतो, म्हणजे तीन फ्रेम. टायमिंग ठीक आहे पण पीसीआय सतत चेंडूच्या वर राहतोय, तर गॅलरीची सवय अजून गेलेली नाही. आणि चुका मुख्यतः आत-बाहेरच्या असतील तर कॅमेरा ठीक आहे, अंगठा शिकतोय. त्याला शिकू दे.

सरावाला कस्टम प्रॅक्टिसमध्ये जा. तिथे पिचर निवडता येतो, कोणते चेंडू हवेत ते ठरवता येतं आणि लेव्हल वाढवता येते. ऑल-स्टार खेळतोस तर सराव 'हॉल ऑफ फेम' या वरच्या लेव्हलवर कर. परत आल्यावर चेंडू जरा दमून आल्यासारखा वाटतो. आणि पहिले वीस चेंडू बॅट फिरवायचीच नाही. कंटाळवाणं आहे, मान्य. चेंडू सुटल्याबरोबर तोंडाने मोठ्याने म्हणायचं, "सरळ" किंवा "बुडतोय". प्लेटवर पोचायच्या आत म्हणता आलं पाहिजे. रूममेट हसतील, हसू देत. वीसातले पंधरा बरोबर येईपर्यंत कंट्रोलरला त्रास देऊ नकोस. नंतर फक्त फास्टबॉल आणि स्लायडर एवढे दोनच ठेवून पुढचे वीस, आणि त्यात फक्त सरळ येणाऱ्यांवर फटका. स्लायडर कितीही गोंडस दिसला तरी सोडायचा.

पीसीआय अँकर वापरतोस की नाही ते लिहिलेलं नाहीस. उजवी स्टिक हव्या त्या दिशेला धरून दाबली की झोनचा एक भाग तू आधीच राखून ठेवतोस. जुन्या काळचा नामांकित बॅटर टेड विल्यम्स याने स्ट्राइक झोनचे ७७ चेंडूंएवढे भाग पाडले होते, आडवे सात आणि उभे अकरा. त्याचं म्हणणं असं की आवडत्या भागातल्या चेंडूवर तो .४०० मारेल आणि खालच्या बाहेरच्या कोपऱ्यातल्यावर .२३०. हा १९४१ साली .४०६ मारणारा माणूस, बरं. तोही सगळ्या झोनवर बॅट फिरवत नव्हता. तू दोन स्ट्राइक पडेपर्यंत (तिसऱ्याला बाद) वरचा अर्धा भाग धर आणि खालचा सोडून दे. खाली एखादा स्ट्राइक पडेल, पडू दे. स्लायडर खालीच पडतात, त्यामुळे तुझी निम्मी डोकेदुखी अँकरनेच कमी होईल. दोन स्ट्राइक झाल्यावर मध्ये ये.

एक किरकोळ गोष्ट. ऑनलाइन खेळताना घरचं मैदान निवडायची संधी तुझ्याकडे असेल तर पिचरच्या हातामागे काय दिसतं ते बघून निवड. खऱ्या मैदानांवर सेंटर फील्डला गडद हिरवी किंवा काळी मोकळी भिंत ठेवतात, ती बॅटरला पांढरा चेंडू उठून दिसावा म्हणूनच. कुठे माउंड उन्हात आणि प्लेट सावलीत अशी वेळ असते. तसली वेळ टाळ, दिवे लागल्यानंतरची घे.

एकदा कॅमेरा ठरवलास की पंधरा मॅच त्याला हात लावू नकोस. तीन मॅच हरलो की सेटिंगमध्ये जायचा मोह होतो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ दर आठवड्याला नवा कॅमेरा लावतात आणि दर आठवड्याला "आता सापडला" म्हणतात. कॅमेरा बदलला की डोळ्यांनी साठवलेला सगळा अंदाज पुसला जातो आणि पाटी कोरी होते. बदलायचंच असेल तर स्ट्राइक झोनवरून स्ट्राइक झोन २ एवढाच बदल कर. तो एकाच घरातल्या एका खोलीतून दुसरीत जाण्यासारखा आहे.

आणि हो, गेम मोड लावलास की पहिल्या संध्याकाळी तू सगळ्याच चेंडूंना अर्ली होशील. इतके दिवस झोपलेल्या टीव्हीला भरपाई म्हणून तुझा अंगठा आधीच निघायला शिकलाय. उजव्या बॅटरचे फास्टबॉल तिसऱ्या बेसच्या बाहेर फाउल जायला लागले की समज, सेटिंग बरोबर बसलंय.